जंताच्या गोळ्या नकोत. चिरे, चपला आणि साबण द्या

गावातल्या आणि मुंबई-पुण्यातल्या सर्व ग्रामस्थांना ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचा सप्रेम नमस्कार.

जंतांसाठी मदत मागितली की लोक गोळ्यांची पाकिटे घेऊन येतात. ती कृपया आणू नका. अल्बेंडाझोलची गोळी सरकारकडून फुकट येते. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी 1 ते 19 वर्षांच्या सगळ्यांना ती अंगणवाडीत आणि शाळेत दिली जाते, आपल्याकडे वर्षातून दोनदा. अडते ते पुढे. गोळी पोटातले जंत मारते, परसातली अंडी मारत नाही. परिसर तसाच राहिला तर सहा महिन्यांत गोलकृमी असलेल्या मुलांचे प्रमाण पुन्हा मूळच्या दोन तृतीयांशाच्या आसपास पोचते, असे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून यंदाची मागणी परसासाठी आहे.

गोलकृमीची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेबरोबर बाहेर पडतात तेव्हा कोणाला लागण करू शकत नाहीत. ओलसर, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे राहिली की तयार होतात आणि मग वर्षानुवर्षे तग धरतात. अंडे चिकट असते. नखात, अळूच्या पानावर, खेळण्याला बसते. पोटात गेल्यावर त्यातली अळी यकृतातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात आणि परत आतड्यात जाते. पण पोटात जंतांची वीण वाढत नाही. मुलाच्या पोटात वीस जंत असतील तर वीस अंडी तोंडावाटेच गेलेली असतात. गूळ खाल्ला की जंत होतात म्हणतात, पण दोष गुळाचा नाही. मूल झोपेत दात खाते म्हणजे जंतच, हेही खरे नव्हे. बाळकडूतल्या वावडिंगावर आमचा राग नाही. त्याच्या भरवशावर गोळी चुकवू नका, एवढेच. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या पाण्याने भाजी धुतली म्हणून अंडी मरतात असेही नाही. ती वाहत्या पाण्यात चोळून निघतात, आणि उकळल्याने मरतात.

अंकुशकृमीची वाट वेगळी. त्याचे अंडे मातीत एक-दोन दिवसांत फुटते, अळी पाच ते दहा दिवसांत तयार होते आणि अनवाणी पावलाच्या कातडीतून आत शिरते. बोटांच्या बेचक्यात खाज आणि पुरळ येते. लावणीच्या दिवसांत त्याला चिखल्या समजून सोडून देतात. शंभर अंकुशकृमी रोज, कृमीच्या जातीप्रमाणे, अर्ध्या चमच्यापासून तीन-चार चमच्यांपर्यंत रक्त संपवतात. लोहाच्या गोळ्या खाऊनही बाईचे हिमोग्लोबिन वर येत नाही, तेव्हा हेही एक कारण तपासायला हवे.

आता मागणी. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बंद पडलेली शौचालये. सरपण ठेवायला वापरात असलेली शौचालये प्रत्येक वाडीत आहेत. बहुतेकांत दोष दोनच: खड्ड्याचे झाकण फुटलेले, किंवा चेंबरमधून दोन्ही खड्डे एकदम सुरू. दोन शोषखड्डे बांधतात ते आळीपाळीने वापरण्यासाठी. एक भरला की चेंबरमध्ये त्याची वाट वीट आणि मातीने बंद करायची, दुसरी उघडायची आणि भरलेला खड्डा किमान दोन वर्षे तसाच झाकून ठेवायचा. दोन्ही सुरू ठेवले तर दोन्ही एकदम भरतात, आणि उपसा माडाच्या आळ्यात पडतो तेव्हा त्यात जिवंत अंडी असतात. खड्डा सुमारे एक मीटर व्यासाचा, सव्वा मीटरच्या आसपास खोल. भिंतीत चिऱ्यांमध्ये फटी ठेवायच्या, तळ मोकळा ठेवायचा. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर. विहिरीपासून किमान 15 मीटर, कातळाला भेगा असतील तिथे याहून जास्त. पावसात पाणी वर येते त्या जागी खोल खणू नका. उथळ, रुंद आणि जमिनीपासून वर उचललेला खड्डा बांधा.

यासाठी चिरे, आरसीसी झाकणे, चार इंची पाइप आणि दोन गवंडी हवे आहेत. घरबांधणीतून उरलेले अर्धे चिरेही चालतील, खड्ड्याला तेच बरे पडतात. आणि हात हवेत. मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी एक सकाळ खणायला यावे. हे काम मृगाआधी उरकले नाही तर दिवाळीपर्यंत लांबले म्हणून समजा.

दुसरे, चपला. मुलांसाठी मागून पट्टा असलेल्या रबरी सँडल द्या. साध्या स्लिपर चिखलात रुततात, मग मूल त्या बांधावर काढून ठेवते आणि पुढे अनवाणी जाते. अंगणवाडी सेविका प्रत्येक मुलाचे पाऊल कागदावर आखून, एक सेंटिमीटर जास्त धरून, मापांची यादी देतील. त्या यादीप्रमाणेच आणा. तळ झिजलेले जुने जोड नकोत. मोठ्यांचे म्हणाल तर गमबूट घालून लावणी कोणी करत नाही, तो आग्रह आम्ही धरणार नाही. त्याऐवजी बांधाआड आणि काजूच्या सावलीत शौचाला बसणे बंद करूया. अळी जगते ती तिथल्याच ओलसर मोकळ्या मातीत.

तिसरे, साबण. प्रत्येक अंगणवाडीला आणि शाळेला महिन्याला चार वड्या, तोटीचा एक पाण्याचा पिंप, दोन नखकात्र्या. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला टांगायचा. खाली ठेवला की विरघळतो किंवा नाहीसा होतो. शौचानंतर आणि जेवणाआधी, दोन्ही वेळा. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी समजून उकिरड्यावर टाकतात. ती शौचालयातच टाका. रांगत्या मुलांची माती तिथूनच नासते.

गोळीच्या दिवशी प्रत्येक अंगणवाडीत दोन स्वयंसेवक लागतील. 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे 200 मिलिग्रॅम, दोन चमच्यांत चुरडून उकळून गार केलेल्या पाण्यातून. 2 ते 3 वर्षांच्या मुलाला पूर्ण गोळी, पण चुरडूनच. त्यापुढच्यांनी 400 मिलिग्रॅमची गोळी समोर चावून खायची. गोळी घरी न्यायला देऊ नये. रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून गोळी घालू नका, ती श्वासनलिकेत अडकते. ताप असलेल्या मुलाला त्या दिवशी वगळून, पुढे राहिलेल्या मुलांसाठी ठरवलेल्या दिवशी द्या. पहिल्या तीन महिन्यांच्या गरोदर बाईला गोळी नाही. शाळा सोडलेली मुले-मुली हमखास राहून जातात. त्यांची नावे आधी लिहून आणा.

ज्यांच्या पोटात जंत जास्त, त्यांना मळमळ, पोटदुखी किंवा एखादी उलटी होते. दोघांना उलटी झाली की दुपारपर्यंत अख्ख्या वाडीत बोंब उठते आणि उरलेली मुले येत नाहीत. म्हणून हे पालकांना आदल्या दिवशी सांगायचे. अशा मुलाला सावलीत बसवून पाणी द्या, आराम करू द्या. मात्र पोट फुगले, उलट्या थांबत नाहीत, शौच आणि वारा दोन्ही बंद, असे दिसले तर घरी गोळी देत बसू नका. जंतांच्या गुंत्याने आतडे अडलेले असू शकते. 108 ला फोन करा.

रोख रकमेपेक्षा वस्तू आणि श्रम बरे. रोख द्यायचीच असेल तर ग्रामपंचायत कार्यालयात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) भरून पावती घ्या; वाडीवर फिरून कोणी गोळा करणार नाही. चपला आणि साबण शाळा सुरू होण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोचावेत. कोणत्या घराच्या शौचालयाला काय लागले आणि कोणी काय दिले, याची यादी गणपतीआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू.