डेइटीवर पहिले साठ टर्न

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

सिव्हिलायझेशन ६ या कॉम्प्युटर गेममध्ये मधल्या, प्रिन्स लेव्हलवर तू सहज जिंकतोस आणि सर्वांत अवघड, डेइटी लेव्हलवर पस्तिसाव्या टर्नला राजधानी हातची जाते, हे वाचलं. एवढ्यावरून खेळ सोडू नकोस. या खेळात लेव्हल वाढवली की कॉम्प्युटरची अक्कल वाढत नाही, त्याचं भांडवल वाढतं. डेइटीवर तो ३ सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) आणि ५ वॉरियर (साधा पायदळ सैनिक) घेऊन उतरतो, तू १ सेटलर आणि १ वॉरियर घेऊन. वर त्याला उत्पादन आणि सोनं ८० टक्के जास्त, विज्ञान आणि संस्कृती ३२ टक्के जास्त, आणि प्रत्येक लढाईत ४ गुण फुकट. चुका मात्र तो प्रिन्सवरच्याच करतो. म्हणून पहिले साठेक टर्न शहरं राखलीस, तर पुढे तो तुझ्या टप्प्यात येतो.

ते ४ गुण नीट समजून घे. दोघांची ताकद सारखी असेल तर एका फटक्याला युनिटच्या १०० पैकी सरासरी ३० आयुष्य जातं, नशिबाप्रमाणे २४ ते ३६. तुझा वॉरियर २० चा, त्याचा २४ चा. मोकळ्या मैदानात भिडलास तर तुझे ३५ जातात, त्याचे २५-२६. आता तोच वॉरियर टेकडीवर नेऊन दोन टर्न फॉर्टिफाय करून (न हलता मोर्चा बांधून) बसव. टेकडीचे ३ आणि फॉर्टिफायचे ६ धरून तो २९ चा होतो, आणि पारडं फिरतं: त्याचे ३६ च्या आसपास जातात, तुझे २५. मध्ये नदी असेल तर आणखी ५ गुण तुझ्या बाजूला. ही जागा युद्ध सुरू झाल्यावर शोधायची नसते. पहिलं शहर वसवतानाच शेजारी कुठून येईल ते बघ आणि त्या वाटेवरची टेकडी हेरून ठेव.

मारायचं काम आर्चरचं, म्हणजे तिरंदाजाचं. आर्चर २५ ताकदीचा आणि दोन टाइल (नकाशावरची घरं) लांबून मारतो, म्हणून उलटा मार खात नाही. जखमी युनिटची ताकदही उतरत जाते, त्यामुळे मैदानातला २४ चा वॉरियर तीन आर्चरच्या तीन बाणांत बहुतेक वेळा संपतो. तिघांनी एकावरच मारायचं, वाटून नाही. आर्चर थेट बनवायला ६० उत्पादन लागतं, स्लिंगरला (गोफणवाल्याला, जो पुढे आर्चर होतो) ३५. आधी दोन-तीन स्लिंगर काढ, एकाकडून रानटी टोळीचं एखादं युनिट मारून घे (त्याने आर्चरीचा युरेका, म्हणजे त्या संशोधनात सूट, मिळते) आणि मग सोनं देऊन अपग्रेड कर. राज्यकारभारात अगोगे हे धोरण-कार्ड लावलं असेल तर आर्चर बनवायचा वेग ५० टक्क्यांनी वाढतो. रानटी टोळीच्या स्काउटने तुझं शहर पाहिलं की तो तळाकडे पळतो, आणि तो तिथे पोचला की धाड येते. तो वाटेतच मरायला हवा.

एवढं सोनं आणायचं कुठून? कॉम्प्युटरच्या शेजाऱ्याकडूनच. शेजारी भेटला त्याच टर्नला २५ सोन्याचं डेलिगेशन (सदिच्छा शिष्टमंडळ) पाठव. उशीर केलास तर तो नाकारू शकतो. मग तुझं लक्झरी (नागरिकांना खूश ठेवणारी चैनीची वस्तू) त्याला वीक. राजधानीत एकच असेल तरी सुरुवातीला वीक, कारण शहर लहान असेपर्यंत तुला त्याची गरज नसते. इथे बरेच जण फसतात: दर टर्नच्या हप्त्यात बेरीज जास्त दिसते म्हणून तो सौदा घेतात. युद्ध पुकारलं गेलं की हप्ते तिथेच थांबतात. लांबच्या देशाकडून हप्ते चालतील, पण कटकट्या शेजाऱ्याकडून रोख एकरकमीच घे. तो उलटला तर पैसे तुझ्याकडे आणि लक्झरीही परत. मैत्रीचा करार स्वीकारायला लागला की लगेच कर, तो टिकेपर्यंत युद्ध पुकारता येत नाही.

सुरुवातीच्या वंडरच्या (जगातल्या एकमेव भव्य वास्तूंच्या) नादी लागू नकोस, स्टोनहेंजच्या तर मुळीच नाही. ते उत्पादन सेटलरमध्ये घाल. पण प्रत्येक सेटलर मागच्यापेक्षा महाग पडतो, म्हणून ५० टक्के वेग देणारं कॉलनायझेशन कार्ड मिळेल तेव्हा दोन-तीन सलग काढ. शंभराव्या टर्नपर्यंत आठ शहरं झाली तर मी समाधानी असतो. कॅम्पस (विज्ञान देणारा शहराचा विभाग) जिथे डोंगर लागून असतील तिथे, आणि परवानगी मिळताच टाइलवर मांडून ठेव, मग बांधायला घे किंवा नको घेऊस. मांडल्या क्षणी त्याची किंमत गोठते, नाहीतर तुझी प्रगती होईल तशी ती चढत राहते.

हल्ला आलाच तर दहा टर्न तग धर, त्याआधी तह होत नाही. त्याची पाच-सहा युनिटं टेकडीखाली मेली की तह करताना तो अनेकदा वर सोनंही देतो, ते मागायला विसरू नकोस.

अ‍ॅझटेकांचा नेता माँटेझुमा शेजारी निघाला तर मात्र हिशोब बदलतो. त्याचा खास सैनिक, ईगल वॉरियर, २८ चा, डेइटीवर ३२ चा. मैदानात तुझा वॉरियर दोन-तीन फटक्यांत जाईल, आणि टेकडीवरचाही पुरणार नाही. तेव्हा सेटलर थांबव, चार आर्चर आधी, आणि मेसनरी (दगडी बांधकाम) संशोधून राजधानीला तट बांध. तट झाला की शहर स्वतःही बाण मारतं.

पुढच्या डावात शेजारी कोण निघालं आणि टेकडी कुठे सापडली, ते सविस्तर लिही.

तुझा,
सुहास