कोकणातल्या रुग्णालयांत जे दिसते, ते लिहिले गेले पाहिजे

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कोकणातील शासकीय रुग्णालयांत दुर्मीळ व निदान न झालेल्या आजारांची तपासणी, नोंद आणि संशोधन यांची सोय करण्याबाबत.

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या रुग्णालयांत तापाच्या रुग्णांची रीघ लागते. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस असे त्यातल्या बहुतेकांचे निदान होते आणि उपचारही होतात. पण दर वर्षी काही रुग्ण असे येतात की त्यांचा आजार यांपैकी कशातच बसत नाही. केसपेपरवर ‘अज्ञात कारणाचा ताप’ असे लिहिले जाते, दोन-तीन प्रतिजैविके बदलून पाहिली जातात, आणि प्रकृती ढासळू लागली की १०८ रुग्णवाहिका बोलावून रुग्णाला कोल्हापूर, गोव्यातल्या बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबईला रवाना केले जाते. तिथे त्याला काय झाल्याचे निघाले, तो वाचला की दगावला, हे त्याला पाठवणाऱ्या डॉक्टरला बहुतेक वेळा कधीच कळत नाही. त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात तसाच दुसरा रुग्ण आला की आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर उभे असतो. कोकणात बरीच वर्षे फिजिशियन म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच आहे, आणि ती आपल्या खात्याला दुरुस्त करता येण्याजोगी आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

रुग्णाच्या खाटेजवळ जे दिसते ते नीट लिहून ठेवले तर काय घडू शकते, याचे उदाहरण शोधायला कोकणाबाहेर जावे लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झाले, त्या काळात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावणे इकडे नवलाचे नव्हते. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि मग फुप्फुसांत भरणारे पाणी हा क्रम त्यांनी रुग्णांजवळ बसून टिपला आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी या रुग्णांना वाचवते, हा त्यांचा अनुभव १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत, ते प्रमाण पुढे एका टक्क्याच्या आसपास आले. एवढ्यावर न थांबता प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास फायदा होतो का, याची रीतसर तुलनात्मक चाचणी त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह महाडमध्येच केली आणि ती २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापली. आधी एकेका रुग्णाचे निरीक्षण, मग अनेक रुग्णांची मालिका, मग चाचणी, असा वैद्यकीय संशोधनाचा सगळा प्रवास या किनाऱ्यावर एका तालुक्याच्या गावी झाला आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. मात्र एका माणसाच्या जिद्दीवर जे उभे राहिले, ते त्याच्यामागून चालू राहील अशी व्यवस्था चाळीस वर्षांत आपण केली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

एका रुग्णाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लावणीच्या दिवसांत पन्नाशीचे एक मधुमेही शेतकरी ताप आणि वजन घटल्याची तक्रार घेऊन आले. छातीच्या एक्स-रेमध्ये डाग होता, थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते, तरी आधीच्या दवाखान्यात क्षय गृहीत धरून औषधे सुरू झाली होती. ताप हटेना. सोनोग्राफीत प्लीहेत पुवाच्या लहान-लहान गाठी दिसल्या. त्यातला पू काढून तपासणीला पाठवला, तो जिल्ह्याबाहेर, कारण कल्चरची, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखण्याची, सोय जवळ नव्हती; चार दिवसांनी अहवाल आला की स्यूडोमोनास जातीचा जंतू दिसतो, बहुधा नमुना दूषित झाला असावा. तोवर रुग्णाला धाप लागली होती, आणि आम्ही त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवले. काही महिन्यांनी त्यांचा पुतण्या दुसऱ्याच कामासाठी आला, तेव्हा त्याच्या हातातल्या फाइलमधून मला खरे निदान समजले. तो मेलिऑइडोसिस होता. रुग्ण वाचले होते, पण एक मोठे आजारपण आणि घरातली सगळी शिल्लक खर्ची घालून.

मंत्री महोदय, हा आजार काही काल-परवाचा नाही. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी १९१२ मध्ये रंगूनच्या रुग्णांवरून त्याचे वर्णन केले होते. त्याचा जंतू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, पायाच्या जखमेतून किंवा श्वासावाटे शरीरात शिरतो, मधुमेह असलेल्यांना विशेष गाठतो आणि पावसाळ्यात उचल खातो. अनवाणी चिखलणी करणारा मधुमेही शेतकरी हे वर्णन कोकणात किती घरांना लागू पडेल याचा विचार आपण करावा. आमच्याच किनाऱ्यावर खाली कर्नाटकातल्या उडुपी, मणिपाल, मंगळूर येथील रुग्णालयांनी असे पुष्कळ रुग्ण ओळखले आणि प्रसिद्ध केले आहेत. तिथली माती, तिथला पाऊस आणि तिथली भातशेती आमच्याहून फार वेगळी नाही. वेगळी आहे ती प्रयोगशाळा. हा जंतू क्षयाच्या औषधांना दाद देत नाही आणि जेंटामायसिनलाही सहसा देत नाही. त्याला सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दोन आठवडे आणि त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने द्याव्या लागतात. म्हणजे औषधे सगळी आपल्या देशात मिळणारी आहेत, अडते ते निदानापाशी. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेतलेले रक्त योग्य बाटलीत भरणे, ती बाटली फ्रिजमध्ये न ठेवता वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवणे, आणि तिथे ‘दूषित नमुना’ म्हणून जंतू बाजूला टाकण्यापूर्वी रुग्ण मधुमेही आहे का, शेतात काम करतो का, हे विचारणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असणे, एवढ्यावर एक जीव अवलंबून असतो.

सर्पदंशातही हेच घडते. फुरशाचे विष रक्ताचे गोठणे बंद पाडते, हे आमच्याकडच्या परिचारिकांनाही पाठ आहे. दोन मिलिलीटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे, वीस मिनिटे नळी हलवायची नाही, मग ती तिरकी करून पाहायची. रक्त ओघळले तर प्रतिविष द्यायचे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पावडरीने धुतलेली असेल तर ही साधी चाचणीही फसते, हा तपशील बारीक वाटला तरी रात्रपाळीत तोच निर्णायक ठरतो. आता प्रश्न असा आहे की काही रुग्णांत प्रतिविषाच्या कुप्या देऊनही रक्त गोठत नाही आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होतात, तेव्हा नेमके काय झालेले असते? भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते, आणि त्यासाठीचे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे आता प्रयोगशाळांतून दिसून आले आहे. त्याखेरीज दक्षिण सह्याद्रीच्या जंगलांत नाकाचा शेंडा वर उचललेला एक छोटा साप आहे, हंप-नोज्ड पिट व्हायपर नावाचा, ज्याच्या विषावर हे प्रतिविष चालत नाही आणि ज्याला घाबरलेले नातेवाईक सहज फुरसे समजू शकतात. आमच्या रुग्णांत साप वेगळा होता, प्रतिविष कमी पडले की रुग्णच उशिरा पोहोचला, याचे उत्तर देण्याइतकी नोंद कोकणातल्या कुठल्याही रुग्णालयात एका जागी मिळणार नाही. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याची सूचना राज्यांना दिली. पण नुसता आकडा कळवून हे प्रश्न सुटणार नाहीत. साप कोणता, दंशानंतर किती तासांनी रुग्ण आला, किती कुप्या दिल्या, रक्त केव्हा गोठू लागले, हे लिहिले गेले तरच त्या सक्तीला अर्थ येईल.

२०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप (क्यासनूर जंगलाचा, गोचिडांमार्फत पसरणारा विषाणूजन्य ताप) आला, तेव्हा याची किंमत आपण मोजली आहे. हा आजार १९५७ मध्ये शेजारच्या कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला होता आणि २०१५ मध्ये सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरीत पोहोचला होता, तरी काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांचा हंगामी ताप आमच्या केसपेपरांवर आधी साधा तापच राहिला.

आपल्या यंत्रणेत नोंदी होत नाहीत असे मी म्हणत नाही. साथरोग सर्वेक्षणाचे आकडे नियमितपणे वर जातात आणि त्यांचा उपयोगही होतो. मात्र त्या तक्त्यात माहीत असलेल्या आजारांचेच रकाने आहेत. ज्याचे नाव अजून ठरलेले नाही त्याला जागा नाही. मृत्यूच्या दाखल्यावर तर अजूनही कित्येकदा कारण म्हणून ‘हृदयक्रिया व श्वसन बंद’ एवढेच लिहिले जाते, जे प्रत्येक मृत्यूला लागू पडते आणि म्हणून कशाचेच उत्तर देत नाही. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या चमत्कारिक न्यूमोनियाची टिपण कुणीतरी छापली, आणि त्या दोन पानांतून जगाला एड्सची पहिली चाहूल लागली. ते पाच जण पाच वेगवेगळ्या कागदांवर ‘न्यूमोनिया’ म्हणून राहिले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

माझी पहिली मागणी अगदी जमिनीवरची आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबागच्या जिल्हास्तरीय रुग्णालयांत ब्लड कल्चरची सोय चोवीस तास, बारा महिने चालू असावी, आणि ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतून नमुने रोज उचलणारे वाहन असावे. यंत्र बसवून उद्घाटन होते आणि बाटल्यांचा पुरवठा थांबला की ते झाकून ठेवले जाते, असे यावेळी होऊ देऊ नये. याच्याच जोडीला संदर्भित रुग्णाचे अंतिम निदान पाठवणाऱ्या डॉक्टरला लेखी कळवणे बंधनकारक करावे. याला निधी लागत नाही, एक शासन निर्णय पुरेसा आहे. गोव्याबाबत दोन राज्यांमध्ये तशी व्यवस्था ठरवावी लागेल, आणि ते आपणच करू शकता.

दुसरे म्हणजे संशोधनाची वाट. अलिबाग आणि सिंधुदुर्ग येथे २०२१-२२ पासून आणि रत्नागिरीत २०२३-२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. रुग्णालय आणि महाविद्यालय एका आवारात असले तरी एक आपल्या खात्याचे आणि दुसरे वैद्यकीय शिक्षण खात्याचे, या दुभंगात जुने केसपेपर कुणाचे हेही ठरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एखाद्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला आपल्या वीस रुग्णांचा अभ्यास करायचा असेल तर त्याला नीतिमत्ता समितीची मान्यता लागते, आणि ती लागलीच पाहिजे. पण अशी समिती त्याच्या आवाक्यात कुठेच नसते. या महाविद्यालयांच्या नोंदणीकृत समित्या तालुक्यातल्या डॉक्टरांसाठीही खुल्या कराव्यात. पदव्युत्तर विद्यार्थी आता जिल्हा रुग्णालयांत तीन महिने काम करतात, त्यांना लेप्टो, सर्पदंश आणि अज्ञात ताप यांच्या नोंदींचे काम प्रबंध म्हणून द्यावे. उत्तर कोकणात डहाणूला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. दक्षिण कोकणासाठीही तसे मागावे.

नोंद करताना एका गोष्टीची काळजी मात्र घेतलीच पाहिजे. पन्नास उंबऱ्यांच्या वाडीत ‘अमुक गावचा, अमुक वयाचा, मासेमारी करणारा’ एवढे लिहिले तरी माणूस ओळखू येतो, नाव झाकून काही उपयोग होत नाही. जखमेचे आणि कधी चेहऱ्याचेही फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप गटांवर बिनदिक्कत फिरतात, ते हेतू चांगला असला तरी थांबले पाहिजे. संमतीपत्र रुग्णाला वाचून समजेल अशा मराठीत असावे, आणि नकार दिला तरी उपचारांत तिळमात्र फरक पडणार नाही हे त्यात पहिल्याच ओळीत यावे. आपला आजार लिहिला गेल्याने दुसऱ्याचा जीव वाचू शकेल, हे नीट समजावून सांगितले तर माणसे नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नाही, पदे रिकामी आहेत, त्यात हे कोण करणार, असे आपल्याला सांगितले जाईल. पदे रिकामी आहेत हे खरेच आहे आणि ती आधी भरावीत. परंतु तरुण डॉक्टर कोकणात टिकत नाहीत याचे एक कारण असेही आहे की इथे शिकायला काही नाही असे त्यांना वाटते. वास्तविक इथल्या एका पावसाळ्यात जे पाहायला मिळते ते मोठ्या शहरातल्या रुग्णालयात वर्षानुवर्षे मिळत नाही. महिन्यातून एक दुपार तीनही जिल्ह्यांच्या डॉक्टरांनी अवघड रुग्णांवर एकत्र चर्चा करावी आणि त्यासाठी त्यांना रीतसर कामाची वेळ मिळावी, एवढे झाले तरी त्यांना हे दिसू लागेल.

सुरुवात एकाच जिल्ह्यापासून करायची असेल तर ती सिंधुदुर्गापासून करावी. माकडताप तिथे आहे, लेप्टो आहे, महाविद्यालय आहे, आणि बांबोळीला जाणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी असल्याने अंतिम निदान परत मागवण्याची गरजही तिथेच सर्वाधिक आहे. मेच्या अखेरीस बाटल्या, वाहन आणि नमुना नोंदवही तिथे पोहोचली, तर लावणीपूर्वी डॉक्टरांना आणि परिचारिकांना प्रशिक्षण देणे शक्य होईल. त्या प्रशिक्षणासाठी मी आणि माझ्या ओळखीचे काही सहकारी विनामोबदला वेळ द्यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
कोकणातील एक फिजिशियन