महापौराला अडीच वर्षं पुरी मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आमच्या मंगळवार पेठेत तालमीच्या कट्ट्यावर पुन्हा तोच विषय निघाला : महापौर कोण, आणि किती महिन्यांचा? महापौरपदाची अडीच वर्षं नगरसेवकांत काही महिन्यांच्या तुकड्यांनी वाटून घ्यायची इथं रीतच पडलीय. त्यामुळं कोल्हापुरात हा दुसरा प्रश्न कुणाला खटकतही नाही, याचंच मला वाईट वाटतं. म्हणून हे पत्र.

मी उद्यमनगरात ४१ वर्षं लेथवर काढली. बोल्टांना आटे पाडण्यात हयात गेली. त्यामुळं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे महापौर जोसेफ चेंबरलेन हे मूळचे स्क्रूवाले, हे समजल्यावर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं. पूर्वी लाकडात बसवायचे स्क्रू टोकाला बोथट असायचे. आधी भोक पाडावं लागायचं. टोकदार स्क्रू काढणाऱ्या अमेरिकी मशिनचं पेटंट त्यांच्या आत्याच्या नवऱ्याच्या कारखान्यानं विकत घेतलं, वडिलांनी त्यात पैसा घातला आणि १८५४ साली अठरा वर्षांच्या जोसेफला हिशेब बघायला तिकडं पाठवलं. वीस वर्षांत ते गब्बर झाले.

गाव मात्र बकाल होतं. कारखाने वाढले, माणसं येत राहिली, घरं दाटली. नळाला आठवड्यातून तीनच दिवस पाणी. निम्मी वस्ती विहिरींवर, आणि त्या विहिरींत गटाराचं पाणी झिरपायचं. १८७३ साली चेंबरलेन महापौर झाले. त्यांनी आधी गावातल्या दोन खासगी गॅस कंपन्या सुमारे २० लाख पौंडांना पालिकेकडं घेतल्या. पहिल्याच वर्षी ३४ हजार पौंड नफा झाला. मग साडेतेरा लाख पौंडांना पाणीपुरवठा घेतला. तेव्हा पार्लमेंटच्या समितीपुढं त्यांनी सांगितलं, की पाण्यात नफा कमवायचा आमचा अजिबात विचार नाही. गावाचं आरोग्य हाच आमचा नफा. गॅसवर कमवा, पाण्यावर नको. कारखानदार माणसानं हा फरक केला, हे मला फार मोठं वाटतं. पाणी गावाच्या ताब्यात आलं म्हणूनच पुढं १९०४ साली बर्मिंगहॅमला शंभराहून जास्त किलोमीटरवरून, वेल्सच्या डोंगरातून पाणी आणता आलं.

हे सगळं चालू असताना, १८७५च्या फेब्रुवारीत त्यांची दुसरी पत्नी बाळंतपणात गेली. पहिलीही तशीच गेली होती. घरात सहा पोरं. तरी माणूस कामावरून हटला नाही.

सगळंच चांगलं केलं असं मी म्हणत नाही. झोपडपट्टी पाडून त्यांनी मोठा रस्ता काढला, पण उठवलेल्या गरिबांना त्या योजनेत घरं मिळाली नाहीत. पुढं वसाहतमंत्री म्हणून त्यांनी जे साम्राज्याचं राजकारण केलं, ते तर मला मुळीच मान्य नाही. मी बोलतोय ते त्यांच्या अडीच वर्षांच्या महापौरकीबद्दल.

होय, अडीचच वर्षं! तिथं महापौराची मुदत एका वर्षाची होती. सभागृहानं त्यांना लागोपाठ तीनदा निवडलं, कारण हातात घेतलेलं काम तडीला जायला हवं होतं. आपल्याकडं कायद्यानंच अडीच वर्षं दिली आहेत, आणि आपण त्यांचे तुकडे करून वाटून घेतो. अधिकार आयुक्तांकडं असतात, महापौर नावापुरता, असं मला कट्ट्यावर ऐकवलं गेलं. पण सहा महिन्यांत घरी जाणाऱ्या माणसाची फाईल कोण मनावर घेणार? काळम्मावाडी धरणापासूनच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३च्या दिवाळीत शहरात आलं. ते काम चालू असताना किती महापौर आले-गेले, हे कोल्हापूरकरांनी पाहिलंय.

२०१९च्या महापुरात पाणी उपसणारी पंपिंग स्टेशनंच बुडाली. पंचगंगा शहरात शिरलेली, आणि आमच्या गल्लीतली नळाची चावी कोरडी. माझी सून दोन कळश्या घेऊन टँकरच्या रांगेत भर पावसात तीन तास उभी होती. घरी आली ती एक कळशी भरून. दुसरी तिनं मागच्या म्हातारीला दिली होती. त्या दिवशी नळाला पाणी का नाही, हे नातवाला समजावताना मला शब्द सापडेनात.

माझी मागणी एवढीच आहे. घरफाळा आणि पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकानं आपल्या नगरसेवकाला घरी जाऊन विचारावं : महापौर अडीच वर्षांसाठी निवडणार की वाटून घेणार? उत्तर लेखी घ्यावं. मी आमच्या नगरसेवकांना रविवारी सकाळी भेटणार आहे, कागद-पेन घेऊन.

आपला,
एक निवृत्त टर्नर, मंगळवार पेठ, कोल्हापूर