दगडात राहिलेला अक्षांश

सोलापूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून सरकत इथवर आला असे मी मागच्या पत्रात लिहिले, त्यावर "दगडाला आपला जुना पत्ता कसा ठाऊक?" असे तू विचारलेस. याचे उत्तर आमच्या सोलापूरच्या पायाखालच्या काळ्या पाषाणातच आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यात मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते आणि लाव्हा 580 अंश सेल्सिअसच्या खाली निवू लागला की त्याचे कण पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. ही दिशा विषुववृत्तावर आडवी असते आणि ध्रुवांकडे जावे तशी अधिकाधिक उभी होत जाते. म्हणून तिच्या कलावरून त्या काळचा अक्षांश काढता येतो.

सोलापूरच्या आजच्या 17.7 अंश उत्तर अक्षांशाला हा कल दीर्घकालीन सरासरीने 32 अंशांच्या आसपास यायला हवा. दख्खनच्या खडकांत तो साधारण 45 ते 50 अंश भरतो, म्हणजे अक्षांश सुमारे 30. पण उत्तर की दक्षिण? खरी मौज इथे आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मधूनमधून उलटते, आणि दख्खनचा बराचसा लाव्हा अशा उलट्या काळातच निवाला. त्यातली दिशा आग्नेयेकडे आणि खाली झुकलेली आहे. एरवी ही दिशा उत्तर गोलार्धात उत्तरेकडे आणि खाली, तर दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे आणि वर असते; क्षेत्र उलटले की ती नेमकी विरुद्ध होते. म्हणून आपण उत्तर गोलार्धात असतो तर उलट्या क्षेत्रात ती वर रोखलेली असती; दक्षिणेकडे आणि खाली, हा मेळ दक्षिण गोलार्धातच बसतो. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या खडकांचे चुंबकत्व 1956 साली मांडले, तेव्हा खंड सरकतात असे मानणारे भूशास्त्रज्ञ थोडेच होते.

आपल्या भुईकोट किल्ल्याच्या तटातला दगड मात्र या कामी निरुपयोगी आहे, कारण पाथरवटाने तो उचलून फिरवून बसवला तेव्हाच त्याची मूळ दिशा हरवली. जागच्या खडकावर दिशेची खूण करून मगच नमुना काढावा लागतो, आणि तोही वीज पडलेल्या माथ्यावरचा चालत नाही, कारण वीज जुने चुंबकत्व पुसून आपले ठसवते.

रेखांश मात्र या पद्धतीने कळत नाही. त्यासाठी हिंदी महासागरात लक्षद्वीप, मालदीव, छागोस आणि मॉरिशस या बेटांमार्गे रेयुनियन बेटापर्यंत गेलेली ज्वालामुखींची रांग पाहावी लागते. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण स्रोतातून दख्खनचा लाव्हा आला, त्याच्यावरून भूपृष्ठ सरकत गेले तशी ही रांग उमटली, असे मानतात. तिच्यातले खडक दक्षिणेकडे जावे तसे तरुण होत जातात आणि रेयुनियनचा ज्वालामुखी आजही जागा आहे. तो 21 अंश दक्षिणेला आहे, दख्खनचा लाव्हा मात्र 30 सांगतो. हा फरक पाहून, तो उष्ण स्रोतही स्थिर नसून सरकला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर