चोर सोडून संन्याशाला

सातारा,
ता. १४ डिसेंबर

प्रिय दिल्या,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री वहिनींचा फोन येऊन गेला. तू झोपला होतास. फुप्फुसासाठी स्टिरॉइड सुरू झाल्यापासून रोज ओंजळभर गोळ्या होतात, म्हणून त्यातली कोलेस्टेरॉलची तू महिन्यापूर्वी परस्पर बंद केलीस, असं त्या म्हणाल्या. वर 'अन्यालाही तिचाच त्रास झाला होता' असा माझा दाखला दिलास म्हणे. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कराडच्या खोलीवरही देत नव्हतास.

दाखला अर्धाच आहे. उरलेला मी कुणाला सांगितला नाही, कारण त्यात माझाच गाढवपणा आहे.

गेल्या वर्षी गणपतीत माळ्यावरचं मखर काढायला हात वर केले, तर ते खांद्याच्या वर जाईनात. दोन्ही. आठवड्याभरात मांड्या आणि कुल्लेही धरले. सकाळी कूस बदलायची तर चादर मुठीत धरून स्वतःला ओढायचं, सदऱ्याच्या बाह्या हिने चढवायच्या. दहा वाजेपर्यंत अंग जरा सुटे. त्याच सुमारास पुतण्याने मोबाइलवर काहीतरी पाठवलं, कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू सडतात म्हणून. मी सहा वर्षं रात्री १० मिलिग्रॅमची ॲटोरवास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या 'स्टॅटिन' गोळ्यांतलीच एक, घेत होतो, कधी काही झालं नव्हतं. पण डेपोत आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस मी, दोन आकडे शेजारी दिसले की बेरीज करतोच. गोळी बंद.

सहा आठवडे गेले, दुखणं तसूभर हललं नाही. एकाने फ्रोझन शोल्डर म्हणून शेक दिला, दुसऱ्याने व्हिटॅमिन डीच्या पुड्या. शेवटी पुण्याला संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दोनच गोष्टी खोदून विचारल्या: दोन्ही बाजूंना सारखंच आहे का, आणि सकाळी अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो. ईएसआर, म्हणजे अंगात सूज असली की रक्तात चढतो तो आकडा, आला ८८. सीपीके, म्हणजे स्नायू तुटायला लागले की रक्तात वाढतं ते, अगदी नॉर्मल. निदान झालं पॉलिमायल्जिया रुमॅटिका. नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले. सुजेने खांदे-कुल्ले आखडवणारा पन्नाशीनंतरचा आजार, आणि उत्तर युरोपातल्या लोकांत जास्त. 'तुम्हाला कुठून गाठलं कोण जाणे,' म्हणून बाई हसल्या.

म्हणजे मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, १५ मिलिग्रॅम सुरू झाली आणि तिसऱ्या सकाळी मी दोरीवर स्वतःचे कपडे वाळत घातले. ही दारातून बघत राहिली. नंतर वाचलं की १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन, म्हणजे याच जातीचं स्टिरॉइड, टोचलं, तेव्हा काही दिवसांत ती उठून बाजारात खरेदीला गेली होती. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. मला त्या बाईचा आनंद अगदी नेमका कळतो.

पण ही गोळी हातावर ठेवते तितकंच खिशातून काढते. भूक अशी की रात्री अकराला चिवड्याचा डबा उघडताना ही मला पकडायची. तोंड भोपळ्यासारखं. ते बघून जानेवारीत मी दुसरा शहाणपणा केला, आठवड्यात १५ वरून ५ वर आलो, कुणाला न विचारता. दुखणं दामदुपटीने परतलं, आणि बाईंनी थेट २० वर नेऊन ठेवलं. वर ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. बाहेरून स्टिरॉइड मिळतंय म्हटल्यावर मूत्रपिंडांवरच्या आपल्या ग्रंथी स्वतःचं बनवणं थांबवतात. एकदम तोडलं तर शरीर उघड्यावर पडतं, रक्तदाब कोसळून माणूस दवाखान्यात जातो. माझं नशीब की मी शून्यावर आलो नव्हतो.

फेब्रुवारीत रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर १४८. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७१, जे आधी ९२ होतं. स्टॅटिन बंद केल्याने एक नळ उघडलेला, आणि यकृताला जास्त चरबी बनवायला लावून स्टिरॉइडने दुसरा उघडलेला. बाई म्हणाल्या, स्टॅटिन पुन्हा सुरू करा. मी म्हटलं, साखर आधीच वाढलीय, स्टॅटिनने पण वाढते म्हणतात. त्या म्हणाल्या, थोडी वाढते, खरं आहे, पण तुमची वाढलीय ती मुख्यतः स्टिरॉइडने. आणि हृदयाचा झटका टाळायचा तर ही गोळी त्या थोड्या साखरेपेक्षा मोलाची आहे. या दोन गोळ्यांचं आपसात भांडण नाही, तुमच्या डोक्यात आहे.

मी तरी चेहरा पाडूनच बसलो, तेव्हा त्यांनी लंडनचा एक प्रयोग सांगितला, २०२० साली छापून आलेला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली. प्रत्येकाला बारा बाटल्या, दर महिन्याला एक: चारांत खरी गोळी, चारांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि चार रिकाम्या. रोज किती त्रास झाला ते मोबाइलवर नोंदवायचं. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८ गुण, खोट्या गोळीला १५.४, खऱ्या गोळीला १६.३. दिल्या, हे मी कागदावर पुन्हा मांडून पाहिलं. माणसांना त्रास होत होता, ढोंग नव्हतं ते. पण गोळीच्या महिन्यांत जो वाढला त्याचा दहातला नऊ हिस्सा गोळी गिळण्याच्या धास्तीचा. सगळं कळल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी गोळी परत सुरू केली. मीही केली.

आता खरा प्रसंग. मे महिन्यात मेहुणीच्या नातवाची मुंज होती वाईला. पंगत खाली, पाटावर. जेवण झालं, केळीचं पान दुमडलं, उठायला गेलो आणि उठताच येईना. दुखत काहीच नव्हतं, हे लक्षात घे. मांड्यांना सांगतोय उठा, त्या ऐकतच नाहीत, जणू कुणा दुसऱ्याच्या आहेत. ताकाची किटली घेतलेला वाढपी माझ्यासमोर खोळंबून उभा. शेवटी बगलेत हात घालून दोन पोरांनी उचललं. गाडीत बसल्या बसल्या मनात पहिला विचार आला तो पुन्हा त्याच बिचाऱ्या रात्रीच्या गोळीचा.

पण या खेपेला बंद न करता फोन केला. बाईंनी बोलावलं, हाताची घडी घालून बुटक्या स्टुलावरून उठायला लावलं. दोनदा मागे आपटलो. सीपीके नॉर्मल, ईएसआर १४, थायरॉइड ठीक. मग त्यांनी जे समजावलं ते तुझ्या कामाचं आहे, नीट वाच. माझं मूळ दुखणं परतलं असतं तर सकाळी अंग आखडलं असतं आणि ईएसआर चढला असता. स्टॅटिनने स्नायू धरले तर सहसा दुखतात, ठणकतात, आणि दुखापत मोठी असेल तर सीपीके वाढतं. स्टिरॉइड मात्र चुपचाप झिजवतं. दुखत नाही, रिपोर्टात काही दिसत नाही, फक्त खाली बसलेला माणूस उठत नाही. तिसरा चोर हा होता, आणि त्यात माझं वय आणि वर्षभर खुर्चीला चिकटून बसणं. औषध काय, तर स्टिरॉइड हळूहळू कमी, डाळ-अंडी-ताक जास्त, आणि खुर्चीतून हात न टेकता उठबस, सकाळी दहा, संध्याकाळी दहा. जुलैत १० वर आलो, पुढे महिन्याला एकेक मिलिग्रॅम, आज ५ वर आहे. स्टॅटिन एक दिवस चुकलेली नाही. नाही म्हणायला ऑगस्टमध्ये खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं होतं, तेव्हा बाईंनीच पाच दिवस ती थांबवायला सांगितली. ते अँटिबायोटिक ॲटोरवास्टॅटिनचा निचरा अडवतं, ती रक्तात साठत जाते आणि मग खरंच स्नायूंवर बेतू शकतं. तुझ्या छातीसाठी तुलाही कधी ते देतील, तेव्हा विचार.

जाता जाता एक गंमत. स्टॅटिनचं मूळ बुरशीत आहे. अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने सहा हजारांवर बुरशा तपासल्या आणि १९७३ च्या सुमाराला त्याला हवी ती सापडली, क्योटोच्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर. हिला सांगितलं तर म्हणाली, आपल्या डब्यातली तांदळाची बुरशी मी उगाच फेकली.

आता तुझं. माझ्या हृदयाला अजून काही झालेलं नाही, तुझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत चार वर्षांपूर्वी स्प्रिंग (स्टेंट) बसवलीय. ती उघडी ठेवायला ज्या गोळ्या आहेत त्यांतली एक तू स्टिरॉइड चढतं असताना काढलीस, म्हणजे दोन्ही नळ तूही उघडलेस. तुझे पाय दुखतात म्हणतोस, ते खोटं असं मी म्हणत नाही. पण दुखतात की उठवत नाहीत? सकाळी की दिवसभर? गोळी सोडून महिना झाला, मग कमी झालं का? वहिनी म्हणतात, नाही झालं. एवढं तरी हृदयाच्या डॉक्टरांना सांग आणि सीपीके करून घे. स्टॅटिनच असेल तर मात्रा कमी करता येते, रोसुवास्टॅटिनसारखी दुसरी देता येते, एक दिवसाआडही चालते कुणाकुणाला. ते त्यांनी ठरवायचं. स्टिरॉइडला मात्र हात लावू नकोस, माझा जानेवारी आठव.

२८ ला सकाळच्या गाडीने सोलापूरला येतोय. तोवर डॉक्टरांकडे गेला नसशील तर मी घेऊन जाईन, आणि रिक्षात तोंड बंद ठेवायचं. वहिनींना सांग, जेवायला खालीच बसू. फक्त माझा पाट भिंतीजवळ मांडा.

तुझा,
अन्या

ता.क. – सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत काढून ठेव, रिकामीसुद्धा. आणि डोळे तपासून घेतलेस का? स्टिरॉइडने मोतीबिंदू लवकर धरतो. माझ्या डाव्या डोळ्यात सुरुवात झालीय, म्हणून अक्षर असं.