टाकी आहे, मीही बरी आहे

बर्लिन,
जुलैअखेर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. तब्येत चांगली आहे, वजन उतरलेलं नाही, दोन्ही वेळा घरचंच जेवते. ऑफिसचं काही नवीन नाही, ते रविवारच्या फोनवर होतंच. मुद्दाम लिहायला बसले, कारण फोनवर बाबा दोन मिनिटांत "धर, आईशी बोल" म्हणतात आणि माझ्या घरातल्या मासे आणि कोरलच्या (प्रवाळाच्या) टाकीचा विषय निघाला की आई गप्प होते. म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहिते. दादा वाचून दाखवील.

आधी टाकी फुटण्याची भीती. मामाने त्या हॉटेलातल्या टाकीचा व्हिडिओ परत ग्रुपवर टाकला आणि खाली आईने "बघ" एवढंच लिहिलं. आई, ते ॲक्वाडोम होतं. इथेच बर्लिनमध्ये, १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटलं, हे खरं आहे. पण त्यात १० लाख लिटर पाणी होतं, चार-पाच मजले उंच उभं. सुमारे दीड हजार मासे होते, जवळजवळ सगळे गेले. पहाटेची वेळ म्हणून माणसं वाचली, दोघांना काचा लागल्या. माझी टाकी ३०० लिटरची आहे. कमरेएवढ्या कपाटावर, भार पेलणाऱ्या भिंतीला लागून ठेवली आहे. घरमालकाकडून लेखी परवानगी घेतली आहे, आणि विम्याच्या कागदात टाकीचं पाणी सांडल्याचं नुकसानही धरलेलं आहे. खालच्या मजल्यावरच्या बाई स्वतः येऊन मासे बघून गेल्या. तेव्हा ही काळजी आता सोड.

बाबांचा प्रश्न वेगळा: दर्या दारात टाकून गेलीस आणि तिकडे मीठ विकत घेऊन दर्या करतेस? बाबा, इथलाही समुद्र काही तासांवर आहे, पण बाल्टिकचं पाणी जवळजवळ गोडंच. जर्मनीच्या या बाजूच्या किनाऱ्यावर लिटरला जेमतेम ८ ग्रॅम मीठ. कोरलला ३५ लागतं, आपल्या देवगडच्या पाण्यासारखं. म्हणून नळाचं पाणी आधी पूर्ण शुद्ध करायचं आणि मग त्यात मोजून मीठ घालायचं. आणि भाच्याला सांगा, मालवणहून कोरलचा तुकडा आणून ठेवायचा नाही, माझ्यासाठीही नाही आणि शाळेच्या प्रकल्पासाठीही नाही. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि आपल्याकडे समुद्रातलं कोरल काढणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. माझ्याकडचं सगळं कोरल इथल्या लोकांच्या घरच्या टाक्यांत वाढलेलं आहे.

आता ते खिडक्यांचं. व्हिडिओ कॉलवर थंडीत मी कोट घालून घरात बसलेली दिसले आणि आजीने विचारलं, पोरीला घर तापवायला पैसे नाहीत का? आजी, पैसे आहेत. इथली रीतच तशी आहे. बाहेर उणे पाच असो, बर्फ पडत असो, दिवसातून दोन-तीनदा घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. अर्धवट तिरप्या नाही, पूर्ण. हीटर बंद करायचा, पाच-दहा मिनिटं समोरासमोरून वारा जाऊ द्यायचा, मग खिडक्या लावायच्या आणि हीटर परत सुरू करायचा. कितीतरी भाडेकरारांत हे लिहिलेलंच असतं. ऑफिसात भर मीटिंगमध्ये कुणीतरी उठतं, खिडकी उघडतं आणि बाकीचे काही न बोलता मफलर गुंडाळतात. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, हे लोक शिक्षा म्हणून करत असावेत. पण कारण पक्कं आहे. इथली घरं अशी घट्ट बांधलेली की फटीतून वाराच येत नाही. आपला श्वास, आंघोळ, स्वयंपाक, सगळ्याची वाफ आतच राहते आणि भिंतींना काळी बुरशी धरते. आपल्याकडे कौलांतून वारा आपोआप खेळतो, त्यामुळे हे कधी कळलंच नाही.

माझ्या घरात तर टाकीतून रोज काही लिटर पाण्याची वाफ होते, म्हणजे मला हे चुकवून चालणारच नाही. शिवाय बंद खोलीत आपल्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, तो टाकीच्या पाण्यात विरघळतो आणि पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. खिडक्या बंद असल्या की माझा आकडा ७.८ च्या आसपास, उघडल्या की ८.१ कडे चढतो. कोरलचा सांगाडा चुन्याचा असतो, तो बांधायला त्याला हा चढा आकडा मानवतो. म्हणून मी कोट घालून बसते. पैसे नाहीत म्हणून नाही.

आता खरं सांगायचं ते. फोनवर "टाकी कशी आहे?" विचारलंत की मी "मस्त" म्हणत होते. गेल्या उन्हाळ्यापासून ती मस्त नव्हती. तुम्हाला सांगून काय उपयोग, उगाच घोर लागला असता. आता सावरली आहे म्हणून सांगते.

गेल्या ऑगस्टमध्ये इथे उन्हाची लाट आली. आपल्याला हसू येईल, पण इथल्या घरांत छताला पंखासुद्धा नसतो आणि भिंती अशा की एकदा तापल्या की रात्रभर तापलेल्याच. मी ऑफिसात असताना टाकीचं पाणी ३१ अंशांवर गेलं. कोरलला २५-२६ हवं असतं. त्याच्या अंगात बारीक शैवाल राहतं, तेच उन्हातून अन्न करून त्याला देतं आणि रंगही त्याचाच. पाणी फार तापलं की कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. जगभरच्या समुद्रांत हेच चाललं आहे, आपल्या लक्षद्वीपमध्येही झालं. पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर उतरलं तर शैवाल परत येऊ शकतं. मी रात्रभर पाण्यावर पंखा लावून, बर्फाच्या बाटल्या बदलत बसले. मऊ जातीची बरीचशी परत आली. फांद्यांची नाजूक कोरलं, अक्रोपोरा म्हणतात ती, जवळजवळ सगळी गेली. त्यांच्यात एक निळसर जांभळं होतं, ते मी सगळ्यांत जपलं होतं.

मग हिवाळ्यात दुसरं संकट. खडकांवर तपकिरी, बुळबुळीत पडदा आला, शेंबडासारखे धागे आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. रात्री दिवे विझले की निम्मा नाहीसा होई, दुपारपर्यंत पुन्हा हजर. गोगलगायी एकेक करून उलट्या पडायला लागल्या. हे डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय जीव. आई, यातली गोष्ट तुला पटणार नाही: घासून-पुसून पाणी लख्ख ठेवलं की हे हटत नाहीत, उलट वाढतात. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले की बाकीचं शैवाल आणि जिवाणू उपाशी मरतात आणि यांना रान मोकळं मिळतं. म्हणजे हात शिवशिवत असताना हात आवरायचा. पाणी बदलायचं नाही, माशांना थोडं जास्तच खायला द्यायचं, पाण्यात नायट्रेट वरून घालायचं आणि वाट बघायची. ती वाट बघणं फार जड गेलं. कामावरून येऊन मी टाकीकडे पाठ करून जेवायची. विकून टाकावी असं मनात आलं, गिऱ्हाईकही होतं.

विकली नाही ती दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे चुन्याची निवळी. आजीला हे आवडेल. तिच्या डब्यात असतो तसलाच विरवलेला चुना शुद्ध पाण्यात घोळायचा, साका बसू द्यायचा आणि वरची नितळ निवळी टाकीत रात्रभर थेंब थेंब सोडायची. त्याने कोरलला कॅल्शियम मिळतं. बर्लिनच्याच नावाने ओळखली जाणारी एक जुनी पद्धत आहे, जिवंत (म्हणजे जिवाणूंनी वसलेला) खडक, फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र आणि भरपूर उजेड यांवर चालणारी, तिच्यातही ही निवळी वापरत आले आहेत. मी ठरवून टाकलं: काहीच करावंसं वाटत नाही त्या दिवशी फक्त निवळीची बाटली भरायची. आकडे मोजायचे नाहीत, खडकाकडे बघायचंही नाही. बाटली भरली की त्या दिवसाचं काम झालं. आणि बाटली भरायला वाकलं की नजर आत जातेच. तशीच एकदा गेली तेव्हा मेलेल्या अक्रोपोराच्या बुडाशी, खडकाला चिकटलेल्या भागावर, नखाएवढी जिवंत कड दिसली. त्यावर दोन तोंडं उघडलेली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या कोरल पाळणाऱ्यांच्या मंडळातले आजोबा. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. त्यांनी शाळेतलं जुनं सूक्ष्मदर्शक उचलून माझ्या स्वयंपाकघरात आणून मांडलं. त्या पडद्याचा एक थेंब काचेवर घेतला तर थेंबाच्याच आकाराचे जीव, निमुळतं टोक टेकवून स्वतःभोवती फिरत होते. ऑस्ट्रिऑप्सिस म्हणाले ते. ही जात रात्री पाण्यात सुटते, म्हणून पाणी अतिनील दिव्यासमोरून फिरवलं की कमी होते. दुसरी एखादी जात असती तर कदाचित दिव्याचा उपयोग झाला नसता. मग सावकाश, काही आठवड्यांत, पडदा विरत गेला.

जाताना त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. टाकी भरात असताना मी त्यांना त्या जांभळ्या कोरलचा पेराएवढा तुकडा दिला होता. त्यांच्याकडे तो मुठीएवढा झाला होता, त्यातलीच एक फांदी तोडून आणली होती. मंडळात सगळे हेच करतात: जे सर्वांत आवडतं त्याचा तुकडा आधी दुसऱ्याला द्यायचा. बाबा, मला तुमचं कलम आठवलं. तौक्ते वादळात, २०२१ च्या मे महिन्यात, विहिरीवरचं जुनं झाड पडलं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. वाकलेल्या झाडांना टेके दिले, मोडलेल्या फांद्या कापून बोर्डो पेस्ट लावलीत आणि पावसात राजापूरच्या काकांकडून काडी आणलीत, कारण त्यांच्या दारचं कलम आपल्याच झाडाचं होतं. मी तेव्हा सुट्टीवर घरी होते आणि मला तुमचा राग आला होता की तुम्हाला वाईट कसं वाटत नाही. ती फांदी खडकाला चिकटवताना मला तुमचे हात दिसत होते. फांदी लागली आहे. टोकं तेवढी पांढरी आहेत, पण हा पांढरेपणा नव्या वाढीचा, म्हणजे वाढते आहे.

छोटी म्हणाली की बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी टाकीपायी आले नाही. तसं नाही. रजा शिल्लक नव्हती, प्रकल्प अडकला होता, आणि डॉक्टर म्हणाले होते की अर्ध्या तासाचं काम आहे. ऑफिसात फोन टेबलावर उलटा ठेवायचा असतो, त्या दिवशी मी सुलटा ठेवला होता. दादाचा मेसेज येईपर्यंत मला काही सुचलं नाही. बाबा, डोळ्यात थेंब नियमाने घालता ना? आई म्हणते घालता, पण तुम्ही स्वतः सांगा.

खर्चाचंही सांगते, म्हणजे अंदाज बांधत बसू नका. इथे वीज आपल्यापेक्षा कितीतरी महाग पडते, त्यामुळे दिवे आणि पंप स्वस्त नाहीत. पण तो खर्च माझ्या हातखर्चातला आहे. घरचे पैसे ५ तारखेला येतात तसेच येतील. या महिन्यात जास्तीचे ४०,००० पाठवले आहेत, पडवीची कौलं आणि वासे बदलायला. दादा, त्यातले कलमांच्या खताला वळवू नकोस, खताचं वेगळं सांग.

डिसेंबरात छोटीच्या लग्नाला मी नक्की येणार, तिकीट काढलं आहे. टाकी आजोबा बघतील, तेव्हा तो प्रश्न कुणी काढायचा नाही. हॉलचा निम्मा खर्च माझा. तिच्या सासरच्यांना हे सांगायची गरज नाही. गणपतीला मात्र जमत नाही. गणपतीवरची माटवी बांधताना माझ्या वाटचं कुणीतरी बांधा, रानातली कांगला आणि हरणं मिळाली तर नक्की लावा, आणि आरतीच्या वेळी फोन टेकवून ठेवा. मी सुट्टी नसली तरी तेवढा वेळ उठून बाहेर जाईन.

आई, पुण्याच्या स्थळाचं मी टाळत नाहीये. पत्रिका बघितली, फोटोही बघितला. मुलगा बरा वाटतो. पण घरच्यांनी "परत कधी येणार?" हे पहिल्याच फोनवर विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते असल्याशिवाय मी कुणाला शब्द देणार नाही. डिसेंबरात समोरासमोर बोलू, तोवर त्यांना नाहीही कळवू नकोस आणि होही.

आजीला आणि वहिनीला नमस्कार, भाच्याला आशीर्वाद. कोकमं पाठवू नका, गेल्या वेळची अजून आहेत. कुळथाचं पीठ पाठवलंत तर चालेल.

तुमची,
बाय

ता. क. दादा, छोटीच्या नवीन खात्याचा नंबर आणि आयएफएससी कोड पाठव, मागचा फोटो अस्पष्ट आला आहे. हॉलवाल्याला १५ तारखेच्या आत बयाणा द्यायचा आहे.