लोम्बार्ड की स्टॅनविक, असं विचारणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

‘सर नका म्हणू, निवृत्त होऊन सुटलोय त्यातून,’ असं तुम्हीच म्हणालात, म्हणून काका. माझ्या कॅसेटच्या कव्हरसाठी तुम्ही जी मदत केलीत, तिच्या आभाराचं हे पत्र खरं तर खासगीत लिहायचं होतं. दोनदा बसले, पण ‘खूप खूप धन्यवाद’च्या पुढे गाडी सरकेना. शेवटी म्हटलं, चारचौघांत लिहू. आणखी दोनतीन जणांच्या कानावर पडलं तर बरंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी कधीच न निघालेल्या व्हिडिओ कॅसेट तयार करते. कव्हर, लेबल, मागचा मजकूर, कार्टूनांचा क्रम, मिनिटं, सगळं. आत फीत मात्र नसते. जुनी अमेरिकन कार्टून्स व्हीएचएसवर जशी आली त्यापेक्षा वेगळी आली असती तर कशी दिसली असती, एवढाच खेळ. विकत नाही, कुणाला फसवत नाही. घरचेसुद्धा हल्ली ‘काय करतेस’ विचारायचे थांबलेत.

या वेळची कॅसेट १९८५ सालची, बग्ज बनीची. आठ कार्टून्स. पहिलं १९४० चं ‘अ वाइल्ड हेअर’, शेवटचं १९५७ चं ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’. ऐकायला अगदी साधी. पण तेव्हा ती निघणं फार अवघड होतं, कारण बग्जची कार्टून्स काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीनं ऑगस्ट १९४८ च्या आधीची आपली रंगीत कार्टून्स १९५६ मध्ये विकून टाकली होती. ती दोन वर्षांत युनायटेड आर्टिस्ट्स या दुसऱ्या फिल्म कंपनीकडे गेली आणि १९८१ मध्ये त्या कंपनीबरोबर एमजीएम स्टुडिओच्या पदरात पडली. म्हणजे घराघरांत व्हीसीआर आले तोवर बग्जची वाटणी झालेली, तरुणपण एकाकडे आणि उतारवय दुसऱ्याकडे. दोन्ही कार्टूनांत तोच ससा आणि तोच शिकारी. सशाला मेल ब्लँकचा आवाज, एल्मर फडला आर्थर क्यू. ब्रायनचा. मध्ये सतरा वर्षं गेली तरी दोघांचं भांडण तेच, पण खरेदीखतामुळे कॅसेट वेगळ्या कंपनीची. मला ते एका खोक्यात हवे होते.

कॅसेटची मापं कुठेही मिळतात, १८७ बाय १०३ बाय २५ मिलिमीटर. अडलं होतं ते पुठ्ठ्याच्या कव्हरपाशी. घडी नेमकी कुठे पडते, चिकटवायची पट्टी किती रुंद, कडेवरचं नाव वरून खाली वाचायचं की खालून वर, कंपनीचं चिन्ह कडेवर किती मोठं. फोटोत सगळे पुढची बाजू दाखवतात. कडेचं कौतुक कुणाला नसतं.

तुमच्याआधी तिघांना विचारलं होतं. कपाटभर कॅसेट बाळगणाऱ्या एका गृहस्थांनी पहिल्याच वाक्यात विचारलं, ‘नकली माल छापणार का?’ मी चांगला पानभर खुलासा पाठवला. तो वाचल्याची खूण दिसली, उत्तर काही आलं नाही. दुसऱ्यांनी रविवारी स्कॅन करून पाठवतो म्हणून सांगितलं. त्यानंतर बरेच रविवार झाले, एक दिवाळीही झाली. तिसऱ्यांचं बोलणं मात्र लागलं. ‘कॅसेटच खोटी आहे, मग मापं खरी कशाला?’ आणि पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तेव्हा मला काही सुचलं नाही. आता सुचतंय: माप चुकलं की ते नुसतं चित्र राहतं. बरोबर बसलं, की बघणारा क्षणभर थांबतो आणि ही आपण कुठे पाहिली होती ते आठवायला लागतो. त्या क्षणासाठीच तर सगळा खटाटोप.

मग तुम्हाला लिहिलं. खरं सांगते, चौथ्यांदा तोंडावर पडायची तयारी ठेवूनच लिहिलं. तुमचं उत्तर एका ओळीचं आलं.

‘तुमच्या कॅसेटवर लोम्बार्ड की स्टॅनविक?’

वाचणाऱ्यांसाठी सांगते. ‘अ वाइल्ड हेअर’मध्ये बग्ज मागून येऊन एल्मरचे डोळे झाकतो आणि मी कोण ते ओळख म्हणतो. एल्मर आशेने एकेका नटीचं नाव घेतो. १९४० मध्ये त्यात कॅरोल लोम्बार्डचं नाव होतं. जानेवारी १९४२ मध्ये ती विमान अपघातात गेली. कार्टून पुन्हा थिएटरांत लावताना तिचं नाव काढून तिथे बार्बरा स्टॅनविकचं घातलं. म्हणजे ही कॅसेट काढणाऱ्याला ठरवावंच लागणार, यातली कोणती प्रत घ्यायची. मी कव्हरवरच्या गाजराच्या रंगावर आठवडा घालवला होता, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

पण प्रश्नापेक्षा त्यातला पहिला शब्द बघा काका. ‘तुमच्या.’ काल्पनिक नाही, तथाकथित नाही, ‘तुम्ही म्हणताय ती’ नाही. कॅसेट कुठल्यातरी फळीवर आहेच, तुमच्या नजरेतून तेवढी सुटली, अशा थाटात तुम्ही विचारलंत. मी खुर्चीतून उठून घरभर एक चक्कर मारली. या छंदाबद्दल कुणी मला खरा प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर चुकूही शकतं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

दोन दिवसांनी मी ‘लोम्बार्ड’ असं कळवलं. तुम्ही लगेच पेचात पकडलंत: मग मूळ प्रत तुमच्या कंपनीला मिळाली कुठून? आता मागच्या बाजूला तळाशी बारीक अक्षरात त्याची हकीकत छापली आहे. भिंग घेऊन वाचा.

आणि चौथ्या दिवशी ती फाइल आली. कव्हरच्या एकेका बाजूचे वेगवेगळे फोटो येतील असं मला वाटलं होतं. उघडते तर अख्खं कव्हर आडवं पसरलेलं, शेजारी स्टीलची पट्टी. तुम्ही स्वतःच्या संग्रहातल्या कव्हरचा चिकटवलेला जोड सोडवला होतात. आतला पुठ्ठा करडा. लपलेल्या पट्टीवर छपाईच्या शाईचे चार ठिपके, निळा, गुलाबी, पिवळा, काळा. कव्हर चिकटवल्यापासून ते कुणी पाहिलेच नसतील. पट्टीच्या एका टोकाला डिंकाने हट्ट धरला होता, तिथे बोटाच्या पेराएवढा कागदाचा पापुद्रा निघाला होता. कॅसेट जमवणाऱ्यांना सांगायला नको की उसवलेल्या कव्हरला त्यांच्यात काय भाव राहतो. मी लिहिलं, ‘अहो काका, हे काय केलंत!’ त्यावर तुमचं उत्तर, ‘वेग एसपी आहे ना? ईपी असेल तर मी ही कॅसेट घेणार नाही.’

(एसपी आणि ईपी म्हणजे फितीवर रेकॉर्डिंग करायचे दोन वेग. संथ ईपीवर तेवढ्याच वेळाला एसपीच्या तिसरा हिस्सा फीत लागते आणि चित्राची रया जाते. स्वस्तातल्या कार्टून कॅसेटवर ही काटकसर सर्रास चाले. एसपीवर तासाभराला साधारण १२० मीटर फीत लागते. माझी कंपनी कंजूष नाही, काका. पुढेच ठळक छापलंय.)

माणसं मदत करत नाहीत असं मी म्हणणार नाही. दुखण्याखुपण्यात, अडल्यानडल्याला धावून येणारी पुष्कळ आहेत, मला भेटली आहेत. पण दुसऱ्याच्या बिनकामाच्या गोष्टीसाठी आपली जपलेली वस्तू उसवायची, आणि ‘कशाला हवंय’ एवढंही विचारायचं नाही, हे मी फार कमी पाहिलं. रविवारवाल्यांवर माझा राग होता तो तुमच्या फाइलनंतर बराच उतरला. पूर्ण उतरलाय असंही नाही.

आता कव्हर तयार आहे. काल जाड कागदावर छापून, तुमच्या मापांवर घड्या पाडून पाहिलं. कडेवरचं नाव पहिल्याच फटक्यात मधोमध आलं. चिकटवायच्या पट्टीवर मीही ते चार ठिपके छापलेत, त्याच क्रमाने.

एक विचारायचं राहिलं. तुमचं कव्हर तुम्ही परत चिकटवलंत का? मी माझं अजून उघडंच ठेवलंय.